दोन जड सेल

"भावजी, ती बॅटरी घेऊन आत जायचं नाय," असं म्हणत थोरली सून बोगद्याच्या तोंडाशी हात पसरून आडवी उभी राहिली.

"का? हिला काय धाड भरलीय?" धाकट्या दिरानं बटण दाबलं. भर दिवसासुद्धा पांढरा झोत पार पलीकडच्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन आदळला. "बघ. डोळे दिपतात का नाय?"

"दिपवायचेत कुणाचे? आत दगड हायत. पाच दिवस गावात लाईट नाय, ही भरलीस कधी?"

"भरलेली हाय गं वयनी. अर्धी तरी असंलच."

"अर्धी का पाव, ती सांगंल का तुला? चार्जिंगचा उजेड शेवटपर्यंत ताठ असतो आणि मग एका झटक्यात जीव सोडतो. सेलाची बॅटरी आधी पिवळी पडते. बाबा रे, आता माघारी फीर, म्हणून सांगते तरी."

दिराला सगळे भिंगरी म्हणत. पाय एका जागी ठरायचा नाही. पण तोंडाशी जमलेली माणसं त्याच्याच बाजूची होती. पाच दिवसांपूर्वी कोरडं वादळ झालं. विजेचे खांब आडवे झाले आणि मोडलेली झाडं पाटातून वाहत डोंगरातल्या बोगद्यात जाऊन अडकली. पाणी डोंगरापलीकडं, गाव अलीकडं. मका ऐन तुऱ्यात आलेला आणि पानांच्या सुरळ्या झालेल्या. जमीन अशी तापली होती की अनवाणी पाय ठेवला की चटका बसे.

"जाऊ दे की त्याला," मागून कुणीतरी खेकसलं. "पिकानं मान टाकली अन् हिचं आपलं सेलाचं पुराण!"

भिंगरी तिच्या हाताखालून वाकून आत शिरला.

सासरे खाली बसले. सगळा गाव त्यांना पाटकरी म्हणे. चाळीस वर्षं त्यांनी हा पाट राखला होता. आता डोळे गेले होते. थोरल्या मुलाच्या मागं त्यांचं काम हीच सून बघत होती. बोगदा त्यांना तोंडपाठ होता. जुन्या लोकांनी तो दोन्हीकडून खणत आणला, पण मधे चुकामूक झाली. म्हणून आत तीन आंधळे फाटे राहिले होते. उजेडात हसू यावं असे आणि अंधारात माणूस गिळतील असे.

पहिला तास आतून घाव ऐकू आले. मग थांबले.

"भावजीऽ" थोरलीनं हाक दिली. बोगद्यानं तिचीच हाक तिला परत केली.

पाटकऱ्यांनी भिंतीला कान लावला. "भिंत बोलत नाय गं," ते म्हणाले.

थोरलीनं वळून माणसांकडं बघितलं. मघाशी खेकसणारा पायानं माती उकरत होता. दुसऱ्याला एकाएकी गुरांची आठवण झाली. कुणी कुणाच्या नजरेला नजर देईना.

ती दुकानाकडं पळत सुटली.

"मावशी, सेल दे! भावजी आत अडकलेत."

दुकानवाल्या मावशीनं घाईघाईनं खोकं पुढं ओढलं. थोरलीनं एकेक सेल तळहातावर तोलला. साधे हलके, अल्कलाइनचे जड. हलक्यांनी बॅटरी पेटते झोकात, पण नव्या नवरीचं कौतुक जसं चार दिवसांचं, तशी थोड्याच वेळात मलूल होते. जड सेल निघाले दोनच, तेही जुन्या मालातले.

"माझी मोठी बॅटरी ने," मावशी म्हणाली. "तीन सेलांची. हे दोन अन् एक साधा घाल. उजेड तरी पडंल."

"नको. दोन बैल अन् एक वासरू एका जुवाला जुंपलं तर वासरू मरतंच, वर बैलांचाही खोळंबा. दोन सेलांची बारकी हाय ना, ती दे."

"अगं, तिचा उजेड तो केवढा!"

"पायापुरता बास. पण टिकायला पायजे."

मावशीनं बारकी बॅटरी काढली. आतले जुने सेल गळून पांढरी भुकटी साचली होती. थोरलीनं ती पदरानं खसाखसा पुसली, स्प्रिंग नखानं खरवडली, सेल घातले. एक क्षण काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा पेटली.

बोगद्यात गुडघाभर गाळ होता. बॅटरीचा उजेड चार पावलांच्या पुढं जात नव्हता. ती पावलं मोजत चालली. मनाशी एकच गोष्ट पक्की केली होती, उजेड पिवळा झाला की फिरायचं, दीर सापडो न सापडो. पण हे मनात येताच तिची तिलाच लाज वाटली. सासऱ्यांना काय तोंड दाखवणार होती ती?

पहिला फाटा रिकामा. दुसराही. तिसऱ्यात काहीतरी घासल्यासारखा आवाज येत होता.

भिंगरी भिंत चाचपत होता. भिंत धरून चाललो की बाहेर पडू, हा त्याचा हिशेब, पण आडवा दगड लागला की भिंत सुटे आणि तो त्या आंधळ्या फाट्यात गोल गोल फिरत राहिला होता. बोटं सोलून निघाली होती, ओरडून ओरडून घसा पार बसला होता, पण फाट्यातला आवाज बाहेर पोचला नव्हता. उजेड बघून त्यानं झडपच घातली.

"विझवू नको," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "वयनी, विझवू नको."

"नाय विझवत. माझा पदर धर."

"काय सांगितलं नाय गं त्या बॅटरीनं. घाव घालत होतो अन् एकदम... मला वाटलं, माझे डोळेच गेले."

फाट्याच्या तोंडाशी आल्यावर मात्र तो थांबला. "वीस पावलांवर अडकलंय सगळं. दोन ओंडके काढले मी. एकच राहिलाय. आत आलोयच तर..."

ओंडक्यापलीकडं पाणी झिरपत होतं. तो बारीक आवाज ऐकून ती त्या दिशेला वळली. दोन महिन्यांचा घाम त्या मक्यात होता. वर्षाचं धान्य त्यात होतं. तिनं बॅटरी हातावर धरून बघितली. उजेडात पिवळी झाक आली होती.

"चला."

"अगं, एकच ओंडका..."

"चला म्हणते ना!" ती ओरडली, आणि ओरडता ओरडता रडली.

शेवटच्या शंभर पावलांना उजेड निखाऱ्याएवढाच उरला होता. पण होता. दोघं बाहेर आले तेव्हा पहिला प्रश्न आला, "पाणी सुटलं का?"

भिंगरीला, कसा आहेस, असं कुणी विचारलं नाही. फक्त पाटकऱ्यांनी त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि मग तिथंच बसून राहिले.

"दोघं जाऊन हात हलवत आले," कुणीतरी पुटपुटलं. थोरलीनं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी बाजारगावाहून सेलांचा खोका आला. एका बॅटरीत एकाच पाकिटातले सेल, आणि खिशात जादा जोडी, असं बजावून थोरलीनं सहा माणसं आत नेली. शेवटच्या ओंडक्याला त्यांनी दोर बांधला आणि बाहेर येऊन सगळ्या गावानं ओढला. आधी नुसती घरघर झाली. मग ओंडका, गाळ, दगड आणि छातीएवढं पाणी असं धाडकन तोंडातून फुटलं की धरणारे मागच्या मागं पडले. थोरलीनं भिंगरीकडं बघितलं. तो लांब उन्हात उभा होता. सावलीत यायलासुद्धा तयार नव्हता.

खालच्या रानांतल्या मक्यानं दोन दिवसांत मान वर केली. पाटकऱ्यांचं रान सगळ्यात वर, ओल आधी सुटणारं. तिथं तुरे पांढरेफटक पडले होते, हात लावला की भुगा.

"तिथं कशाला पाणी घालतेस पोरी?" बांधावरून पाटकरी म्हणाले. "गेलं ते."

"ठाऊक हाय मामंजी. पुढच्या पेऱ्याला जमीन तरी भिजू दे."

तिनं फावडं मारून दारं मोडलं, पाटाचं पाणी रानात वळवलं. पाणी भेगांत शिरलं आणि किती वेळ झाला तरी पुढं सरकेना. जमीन नुसती पीत राहिली.