लेकीच्या गावातला मुक्काम

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी हर्षदाला प्रवासाची साफ मनाई केली. मग माहेरच उठून सुरतेला आलं. म्हणजे एकट्या उषाबाई आल्या, मऊ जुन्या लुगड्यांची दुपटी पिशवीत कोंबून. पंचाईत एवढीच, की लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेम. मुक्काम तर लांबच राहिला.

जावई गोपाल साडी मार्केटात कामाला. माणूस भारी हौशी. सासूबाई पहिल्यांदा येणार म्हणून त्याने नदीपलीकडचं थीमवालं हॉटेल शोधलं आणि स्टेशनवरून त्यांना थेट तिथेच नेलं. खोलीचं दार उघडलं आणि उषाबाई उंबऱ्यातच थबकल्या. मातकट रंगाच्या भिंती, कोपऱ्यात चूल, खुंटीला कंदील, पलंगाशेजारी जातं. बाहेर बैलगाडी होती, तिचे बैल मात्र प्लॅस्टिकचे.

"एकदम गामडा जेवुं, माजी!" मॅनेजर अभिमानाने म्हणाला. अगदी खेड्यासारखं, असं त्याला म्हणायचं होतं.

उषाबाईंना हसू आवरेना. "जावईबापू, मी गाव सोडीसन उनू, नि तुम्ही माले परत गावमाच आनं!"

गोपालचा चेहरा पडला. पण उषाबाईंचं लक्ष दुसरीकडेच होतं. लेकीचं पर्वत पाटिया भागातलं घर इथून किती लांब, असं त्यांनी विचारलं. ट्रॅफिक नसेल तर पाऊण तास, असं उत्तर आलं. लेक अडली आणि आपण इथे जात्याशेजारी बसलेल्या, हे काही त्यांना सोसणारं नव्हतं.

हर्षदाच्या गल्लीच्या तोंडाशी बायकांचं एक साधं हॉस्टेल होतं. एका खोलीत एकावर एक अशा सहा खाटा, सामायिक न्हाणी, खाली जेवणाची मेस. उषाबाईंनी गोपालला तिकडेच न्यायला लावलं.

"आई, अहो, लोक काय म्हणतील मला?" गोपाल कळवळला.

"लोकेसले बाळंतीन व्हनं शे का? मी आठेच ऱ्हासू," म्हणत त्यांनी खालच्या खाटेवर पिशवी ठेवली.

दिवसभर त्या लेकीजवळ बसत आणि जेवायला मात्र मेसमध्ये येत. असा नेम, कोण काय बोलणार! तिसऱ्या दिवशी दुपारी पहिला घास हातात होता आणि फोन वाजला. हर्षदाला शब्दही फुटत नव्हता. उषाबाईंनी ताट तसंच सोडलं आणि अनवाणी धावल्या. दोन मिनिटांत त्या लेकीपाशी होत्या, दहाव्या मिनिटाला दोघी रिक्षात. गोपाल मार्केटातून दवाखान्यात पोचला, तोवर त्याला मुलगी झालेली होती.

"थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेळेवर आणलंत."

गोपालने सासूचे पाय धरले.

उषाबाईंनी नातीला दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलं. हर्षदा डोळे मिटून शांत पडली होती, श्वास सरळ चालला होता. गेले तीन दिवस छातीवर असलेला धोंडा उतरला आणि त्या मोकळ्या होऊन रडल्या. रडणं संपलं तशी पोटात आग पडली.

"जावईबापू," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "माले भूक लागनी. तुमना घर काही खावाले शे का?"