ओतीव नाणे

फौजदारांनी खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली, पण उघडली नाही. तिच्यावर तळहात ठेवून ते म्हणाले, "आधी ऐकून घ्या. काल संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी आणखी एक मुलगी सापडली. अंगावर विद्यालयाचा गणवेश आहे. गळ्यात हे होतं."

संग्रहालयातल्या नाण्यांच्या खोलीत तिघेच होते. टेबलामागे पारखी बसला होता. हे काही त्याचे आडनाव नव्हते, पण शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्याला याच नावाने हाक मारत. जुने नाणे खरे की बनावट हे सांगण्यात त्याचा जन्म गेला होता. भाजीवाल्याने सुटे पैसे दिले तरी हा ते उलटेपालटे करून बघतो, अशी त्याची थट्टा होई.

समोरच्या खुर्चीच्या अगदी कडेवर एक बाई बसली होती. ती लोकांचे कपडे शिवून देई. नवरा कधीच गेलेला, घरात एक मुलगी आणि ती. तिची मुलगी आणि पारख्याची लेक ठकी खाडीपलीकडच्या विद्यालयात परिचारिकेचे शिक्षण घेत होत्या आणि एकाच खोलीत राहत होत्या. सुट्टी संपवून दोघी एकाच लाँचने परत निघाल्या होत्या. लाँच उलटली. कोणी पोहून काठाला लागले, कोणी नुसतेच काठाला लागले. या दोघींचा मात्र पत्ता लागत नव्हता.

"चेहऱ्यावरून काही?" पारख्याने विचारले.

"ते नका विचारू." फौजदारांनी बाईकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "उंची, बांधा, दोघींचं सारखंच. रक्ताची तपासणी होईल, पण उत्तर यायला महिना जाणार. ताईंनी सांगितलं, अशी नाणी दोघींच्या गळ्यात होती. एक खरं आणि एक..."

"एक मी केलेलं," पारखी म्हणाला.

ठकी पहिल्या वर्षाला असताना मैत्रिणीला आणि तिच्या आईला घेऊन घरी आली होती. बाईच्या सासऱ्यांना विहीर खणताना सापडलेले चांदीचे नाणे त्यांनी आणले होते. सराफाने ते बनावट म्हणून परत केले होते. पारख्याने भिंग लावून ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "ताई, अस्सल आहे. सांभाळा." बाईने ते विकले नाही, लेकीच्या गळ्यात घालायचे ठरवले. मग ठकीने हट्ट धरला, मलाही अगदी तस्सेच हवे. त्याने खऱ्या नाण्यावरून साचा घेतला, त्यात चांदी ओतली, कडेवरची सांध्याची शिवण कानशीने घासून काढली आणि दोन्ही नाण्यांना स्वतःच्या हाताने एकसारखी कडी बसवली. ठकीने आरशात वळूनवळून पाहिले आणि म्हणाली, "बाबा, तुमचं खोटं त्या खऱ्यापेक्षा देखणं झालंय."

आता तो म्हणाला, "साहेब, मी हे बघणं बरोबर नाही. दुसऱ्या कोणाला तरी बोलवा."

"बोलवीन. पण तो बाहेरगावाहून येणार. अन् तिला तसं किती दिवस ठेवायचं?"

"तुम्हीच बघा, भाऊ," बाई म्हणाली. "सगळे खोटं म्हणत होते तेव्हा तुम्हीच खरं सांगितलं होतं. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावर माझा विश्वास बसायचा नाही."

पारख्याने पुडी उघडली. नाणे काळवंडले होते. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घोडा, दोन्हीवर गाळ. त्याने ते पाण्यात बुडवून मऊ कुंचल्याने हळूहळू धुतले. नखाएवढ्या त्या चकतीला तो इतका जपून हात लावत होता की फौजदारांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिले.

आयुष्यभर त्याने नाण्यात खोट शोधली होती. आज पहिल्यांदा खोट निघू नये म्हणून त्याचा जीव टांगणीला लागला होता. हातोड्याच्या घावाखाली पाडलेल्या नाण्यात चांदी ठशाच्या कानाकोपऱ्यात घुसते, अक्षरे धारदार उठतात. ओतलेल्या चांदीला तेवढा जोर नसतो. अक्षरांचे कोपरे गोलसर राहतात आणि पृष्ठावर सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे पडतात. त्याने भिंग डोळ्याला लावले. घोड्याच्या पोटाखाली छिद्रे होती. गाळ असेल, त्याने मनाशी म्हटले आणि पुन्हा धुतले. छिद्रे तिथेच होती. त्याने नाणे तराजूत टाकले. हलके भरले. खाऱ्या पाण्याने चांदी झिजत असेल, असे त्याने स्वतःला सांगून पाहिले. असे कोणी शिकाऊ उमेदवार त्याच्यापुढे बोलला असता तर त्याने त्याला खोलीबाहेर काढले असते.

शेवटी त्याने कड पाहिली. कडेवर कानशीचे ओरखडे होते, सगळे नेहमीच्या उलट बाजूला कललेले. तो डावखुरा होता.

भिंग त्याने डोळ्यावरून काढले नाही, कारण ते काढले की या दोघांकडे बघावे लागणार होते. घरी बायको होती. ती रोज सकाळी ठकीची उशी उन्हात टाकत होती आणि संध्याकाळी झटकून आत घेत होती. शेजारणी आल्या तर त्यांना म्हणे, काठावरच्या एखाद्या घरात असेल, शुद्ध नसेल, नाव सांगता येत नसेल. जेवत होती ती तेवढ्यावरच. महिना जाईल, फौजदार म्हणाले होते. एक महिना तरी ती जेवेल.

"खरं आहे," पारखी म्हणाला.

फौजदारांनी श्वास सोडला आणि टोपी हातात घेतली. बाई रडली नाही. तिने हात पुढे केला, तेव्हा पारख्याला नाणे तिच्या हातावर ठेवावे लागले. तिने ते पदराने पुसले.

"नक्की ना, भाऊ?"

त्याने मान हलवली.

"बरं," बाई म्हणाली. मग काहीतरी राहून गेल्यासारखी ती फौजदारांकडे वळली. "साहेब, तिचा एक ड्रेस मी पिशवीत घालून आणलाय. निळा. मीच शिवलेला. तिला त्या गणवेशात नको न्यायला. घालता येईल का? बाह्या उसवून देते मी, घालायला सोपं जाईल."

फौजदार म्हणाले, "देऊ, ताई. तिथे बायका आहेत, त्या मदत करतील."

बाईने पिशवीतून ड्रेस काढला, मांडीवर पसरला, छोटी कात्री काढली आणि खिडकीच्या उजेडाकडे सरकून बाहीची शिवण उसवायला सुरुवात केली. एकेक टाका तुटल्याचा आवाज त्या खोलीत ऐकू येत होता. पारखी त्या हातांकडे बघत राहिला. परक्याच्या पोरीसाठी ती हे करत होती आणि आपली म्हणून करत होती. उद्या ती तिला निरोप देऊन रिकाम्या घरी जाणार होती. आणि ठकीजवळ शेवटी तिचे स्वतःचे असे कोणीच नसणार होते.

"ताई, थांबा," तो म्हणाला.

तिने मान वर केली.

"उसवू नका. ते नाणं खोटं आहे. मी ओतलेलं." तो म्हणाला, "ती माझी आहे. ठकी आहे."

बाईच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. तो तिला थोपवता आला नाही. पण पुढच्याच क्षणी तिने खाली बघितले आणि तो उजेड पदराआड पुसून टाकला, जणू कोणाच्या घरची वस्तू चुकून हातात आली होती.

"तुमच्या मनात काय आलं ते कळलं मला," ती म्हणाली. "तुमच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. अन् मग मागे फिरले असते की नाही, देव जाणे."

पारख्याने टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती.

"पण मग माझी कुठाय, भाऊ?" बाईने विचारले. तिने ते त्याला विचारले नव्हते, फौजदारांनाही नाही.

फौजदारांनी कागद लिहून घेतला, पारख्याची सही घेतली आणि दुपारपर्यंत न्यायला या म्हणून सांगितले. ते गेल्यावर पारखी उठला, पण त्याला दार सापडेना. तीस वर्षे ज्या खोलीत वावरला, तिथे तो कपाटासमोर जाऊन उभा राहिला. बाईने त्याच्या कोपराला धरले.

"वहिनींना कोण सांगणार?"

"मीच. दुसरं कोण?"

"मी येते बरोबर. बाईमाणूस असलेलं बरं."

दोघे रस्त्याने चालत निघाले. वाटेत एका सायकलवाल्याने घंटी वाजवली, तेव्हा बाईने पारख्याला बाजूला ओढले. घराच्या पायऱ्यांशी आल्यावर पारख्याने मनातल्या मनात वाक्य जुळवून पाहिले. पहिल्या शब्दाच्या पुढे ते जाईना.

बायकोने पावलांचा आवाज ऐकूनच दार उघडले. फौजदार सकाळी आधी घरीच चौकशीला आले होते, त्यामुळे नाणे बघायचे आहे हे तिला माहीत होते. तिने आधी नवऱ्याकडे पाहिले, मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाईकडे. बाईचे डोळे लाल होते, आणि इतका वेळ आवरलेले रडू वहिनींना समोर बघताच तिच्या ओठांपर्यंत आले.

बायकोचा चेहरा सैल झाला. ती पायरी उतरून खाली आली.

"अगं बाई," ती म्हणाली आणि बाईला तिने दोन्ही हातांनी जवळ घेतले. "या, आत या. रडा ताई, मोकळ्या व्हा. मी आहे ना. तुम्ही एकट्या नाही." ती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, लहान मुलाला थोपटावे तशी. "अहो, असे उभे काय राहिलात? पाणी आणा त्यांना."

बाईने तिच्या खांद्यावरून पारख्याकडे पाहिले. मग तिने डोळे मिटले आणि बायकोच्या कमरेभोवती हात घालून तिला घट्ट धरले. आता हिला उभे राहायला आपलाच आधार लागणार, अशा बेताने धरले.

पारखी त्यांच्या बाजूने आत गेला आणि त्याने पाण्याचे दोन पेले भरले.