शब्द माइकने खाल्ला नव्हता

मित्रांनो, ज्याच्यासमोर उभे राहिले की भल्याभल्यांच्या घशाला कोरड पडते, तो मी. देवासच्या मराठी वाचनालयातला वायरवाला जुना माइक. हाताळून हाताळून माझा काळा रंग उडाला आहे, जाळीला एका बाजूने पोचा आला आहे आणि बटण पुढे सरकवले की अजून 'खट्' असा आवाज होतो. तो आवाज ऐकला की सभागृहातली कुजबुज थांबते. तेवढा मान मला अजून आहे.

माझा जन्म दिल्लीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक पातळ पडदा आहे. समोर कोणी बोलले की तो थरथरतो आणि ती थरथर वायरमधून पुढे भोंग्यापर्यंत जाते. माझे काम एवढेच. बोलणाऱ्याने जे म्हटले ते पुढे द्यायचे, पदरचे काही घालायचे नाही आणि गाळायचेही नाही. इंदूरच्या दुकानातून मला श्रीपादकाकांनी आणले. काका वाचनालयाचे कार्यवाह, म्हणजे खुर्च्या मांडण्यापासून पाहुण्यांना बसमध्ये बसवून देण्यापर्यंत सगळे त्यांच्याच गळ्यात. देवासच्या बसमध्ये त्यांनी मला मांडीवर असे जपून धरले होते, की आत मिठाई असावी असे वाटून शेजारच्या माणसाने विचारले, "भिया, मावाबाटी है क्या?" काका म्हणाले, "उससे भी नाजूक है."

मग माझे चांगले दिवस सुरू झाले. गणेशोत्सवात माझ्यासमोर आरत्या झाल्या, नाट्यप्रवेश झाले, लहान मुलांनी मध्येच विसरलेल्या कविता झाल्या. लोक माझ्या तोंडावर फुंकर मारत, टिचक्या मारत, "हॅलो हॅलो" करत. मी सारे सोसले, कारण शेवटी कोणीतरी म्हणायचेच, "आवाज काय खणखणीत आहे." स्तुती कोणाला आवडत नाही? पुढे बिनवायरचा एक चकचकीत माइक आला आणि माझी रवानगी कपाटात झाली, मागच्या वर्षीच्या झिरमिळ्या आणि फुटक्या समईच्या शेजारी. तिथला ओलावा वाईट. कोणी कपाट उघडले की मला वाटायचे, आता माझे नाव घेतील. ते झिरमिळ्या घेऊन जायचे.

महिन्यातल्या एका रविवारी सकाळी वाचनालयात बैठक भरते. नुकतीच वाचून संपवलेली कादंबरी आणि तिच्याबद्दल आपले मत. गोष्ट सांगत बसायचे नाही, मत सांगायचे, हा नियम. कादंबरी संपवलेली असावी हाही नियमच. पण तो तपासणार कोण? उदाजीराव नावाचे एक भारदस्त मिशांचे गृहस्थ दर बैठकीत पहिले बोलतात. 'ओघवती भाषा' आणि 'जिवंत चित्रण' हे त्यांचे शब्द मी इतक्यांदा पुढे पाठवले आहेत, की ते माझ्या वायरला पाठ झाले असतील.

आता त्या रविवारचे सांगतो. बिनवायरच्या माइकचे सेल ऐन वेळी संपले आणि काकांनी धावत जाऊन मला काढले. धोतराच्या सोग्याने माझी जाळी त्यांनी दोनदा पुसली, कारण त्या दिवशी पाहुण्या मोठ्या होत्या. धारच्या यमुनाबाई, इंदूरला बस बदलून आलेल्या. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या आणि उतारवयात पहिलीच कादंबरी लिहिलेल्या. कादंबरी त्यांच्या वारलेल्या थोरल्या बहिणीवर होती, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्या दिवशी सगळ्यांनी तीच वाचून यायचे ठरले होते. बाई पहिल्या रांगेत बसल्या, पाठ ताठ, पिशवी मांडीवर.

काकांच्या मागोमाग एक मुलगी माझ्यापाशी आली. गुंजन. सतवास गावची, इथे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात इंजिनिअर. घरी मराठी, गल्लीत मालवी, शाळेत सगळी हिंदी. लिपी दोन्हींची एकच, त्यामुळे तिला अक्षरे अडत नाहीत, शब्द अडतात. तरी ती दर आठवड्याला पुस्तक नेते, परत आणते आणि मागे बसून इतरांचे ऐकते. बोलत मात्र कधीच नाही. त्या दिवशी ती बोलणार होती.

"काका, मी बिल्कुल शुद्ध बोलणार आहे. एक पण हिंदी शब्द नाही," ती हळूच म्हणाली. "पण हसले ना लोक, तर मी परत मराठीत तोंड नाही उघडणार. सच्ची."

"कोणी हसत नाही गं," काका म्हणाले. ते माझ्याकडे बघत बोलले, तिच्याकडे नाही. त्यामुळे मला धास्ती वाटली.

उदाजीराव बोलले. ओघवती भाषा झाली, जिवंत चित्रण झाले. शेवटी गळा दाटून आल्यासारखे करून ते म्हणाले, "आणि शेवटच्या प्रकरणात ताई जे बोलते, ते वाचून माझ्या डोळ्यांना धार लागली." टाळ्या पडल्या. यमुनाबाईंनी टाळ्या थांबेपर्यंत त्यांच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. आणखी दोघे बोलले, तेही तसेच गोडगोड. मग गुंजनने मला स्टँडवरून काढून हातात घेतले.

"नमस्कार. मी कादंबरी दोन वेळा वाचली," ती म्हणाली. आवाज बारीक, पण स्वच्छ. "ही ताई माझ्या ओळखीची वाटली. आमच्या सतवासला पण अशी एक बाई आहे. आणि ताईचं दुःख मांडताना लेखिकेनं फार चेष्टा केली आहे."

मी ते शब्द जसेच्या तसे पुढे दिले. भोंग्यातून 'चेष्टा' अख्ख्या सभागृहात घुमला.

मित्रांनो, इथे हिंदी प्रत्येकालाच येते. पण त्या सकाळी सगळे मराठी कान लावून बसले होते आणि मराठी कानाला चेष्टा म्हणजे थट्टा. कोणाची? मेलेल्या बहिणीच्या दुःखाची. खुर्च्या करकरल्या. मागून कोणीतरी "अगं बाई" म्हणाले. यमुनाबाईंचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. त्यांनी पिशवीचे बंद मनगटात अडकवले आणि त्या उठल्या.

"श्रीपाद, इंदूरची बस कितीला आहे?" त्यांनी विचारले. आवाज अगदी साधा होता. तो ऐकून मला त्यांची फार कीव आली.

"थट्टा करायला बोलावलं होतं का बाईंना?" उदाजीराव कडाडले. "आजकालची पोरं. मराठी धड येत नाही आणि मतं द्यायला पुढे."

गुंजनला 'थट्टा' कळले. तिच्या बोटांची पकड माझ्याभोवती अशी आवळली, की मला वाटले आता ही मला टाकून पळणार. दार डाव्या हाताला उघडेच होते. एकदा ती बाहेर पडली असती की पुन्हा त्या सभागृहात आली नसती, आणि आली असती तरी मराठीत बोलली नसती. एवढे मला तिच्या पकडीवरून कळत होते.

तेवढ्यात काका मधे आले. भला माणूस. सगळ्यांना वाचवायला धावणारा. "अहो बसा, बसा, बाई. घोटाळा माइकचा आहे," ते म्हणाले. "जुना झालाय, शब्द खातो. गुंजन 'चर्चा' म्हणाली. दुःखाची चर्चा केली आहे, असं. याने चेष्टा केलं. हो ना गं?" आणि त्यांनी मला काढून घ्यायला हात पुढे केला.

मला राग आला, खोटे कशाला बोलू? इतकी वर्षे मी कोणाचा एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता आणि आता माझ्या माथी हे खापर. पुन्हा कपाट, पुन्हा ओलावा, या खेपेला कायमचा. पण मला आवाज दुसऱ्याचा, स्वतःचा नाही. मी काय बोलणार? आणि खरे सांगायचे तर मनात हेही आले, की माझ्यावर खापर फोडून ही पोर वाचत असेल तर वाचू दे. नुसते "हो" म्हणायचे होते तिला. सगळे सभागृह त्या "हो"ची वाट बघत होते. यमुनाबाईसुद्धा दाराशी थांबल्या होत्या.

काकांनी मला ओढले. गुंजनने सोडले नाही.

"नाही काका," ती म्हणाली. "माइक बरोबर आहे. मी चेष्टाच म्हटलं."

काकांनी मला सोडले.

"बाई, मला घरी वाक्य असं सुचलं, की लेखिकेने फार कोशिश केली आहे. मग वाटलं, कोशिश तर हिंदी. बाईंसमोर शुद्ध शब्द पाहिजे. आमच्या हिंदीच्या पुस्तकात कोशिशला चेष्टा लिहायचे. संस्कृत शब्द, म्हटलं मराठीत पण तोच असणार." तिचा श्वास माझ्या जाळीवर आदळत होता. "मला माहीत नव्हतं तो इथे असा होतो. माफ करा. मला म्हणायचं होतं, तुम्ही खूप प्रयत्न केला."

आधी एक जण हसला, मग दोघे. पण ते हसणे निराळे होते. सुटकेचे. काकांनी कपाळ पुसले. "झालं तर मग," ते म्हणाले, "गैरसमज मिटला. आता चहा." खुर्च्या सरकू लागल्या. उदाजीराव उठून उभे राहिले.

यमुनाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या परत आल्या, पण बसल्या नाहीत. गुंजनच्या समोर उभ्या राहून त्यांनी गणिताच्या बाईंच्या आवाजात विचारले, "प्रयत्न केला म्हणतेस. साधला का?"

सांगायला सोपे उत्तर होते. सगळ्यांनी तेच दिले होते. गुंजनने माझ्याकडे पाहिले, मग बाईंकडे.

"शेवटापर्यंत साधला," ती म्हणाली. "शेवट नाही साधला."

"का?"

"ताई विचारते, तुझ्याकडे राहायला येऊ का. धाकटी बहीण म्हणते, उन्हाळा होऊ दे. मग ताई बोलणंच बंद करते. शेवटच्या प्रकरणात ती एक शब्द पण बोलत नाही. आणि धाकटी म्हणते, तिनं मला माफ केलं." गुंजन अडखळली. शब्द शोधला, सापडला नाही, तेव्हा होता तोच वापरला. "गप्प बसली म्हणजे माफ थोडीच केलं, बाई? धाकटीनं आपल्या मनाला समझवलं. मला तिचा राग आला. आणि दुसऱ्यांदा वाचली तेव्हा दया पण आली."

ताई शेवटी एक शब्दही बोलत नाही, हे ऐकून कित्येक माना उदाजीरावांकडे वळल्या. ते भिंतीवरचे घड्याळ पाहत होते.

बाहेर देवीच्या टेकडीकडे निघालेल्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मग यमुनाबाईंनी गुंजनच्या हाताला हात लावला, ज्या हातात मी होतो त्यालाच, त्यामुळे त्यांचे पुढचे शब्द न ठरवताच भोंग्यातून सगळ्यांनी ऐकले.

"मलाही तो शेवट पटलेला नाही. पण दुसरा लिहायला माझा हात धजला नाही. पुस्तक निघाल्यापासून किती सत्कार झाले माझे. मी प्रत्येक वेळी वाट पाहायची, की आता कोणीतरी विचारेल. कोणी तिथपर्यंत पोचलंच नव्हतं गं."

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि पहिल्या रांगेतली खुर्ची गुंजनच्या समोर ओढून घेतली.

"राग का आला ते नीट सांग," त्या म्हणाल्या. "सुचेल त्या भाषेत सांग. श्रीपाद, बस गेली तर जाऊ दे."

गुंजन बोलत राहिली. हिंदी आली, मालवी आली, मराठी तर होतीच. काही वाक्ये अर्धी राहिली, काही बाईंनी पुरी केली. मी सगळे पुढे दिले आणि चहा गार झाला.

मित्रांनो, माझी एकच विनवणी ऐका. मला कोरड्या जागी ठेवा, फुंकर मारू नका, हे तर आहेच. पण कधी तुमच्यासमोर कोणी घाबरत घाबरत आपल्या भाषेत मत मांडायला उभे राहील आणि त्याचा एखादा शब्द वाकडा पडेल. तेव्हा रागाने असो की दयेने, त्याच्या हातून मला काढून घेऊ नका. त्याचे बोलणे अजून संपलेले नसते.