दोन पंतप्रधानांची पत्रं

पंतप्रधानांच्या कार्यालयात मी सव्वीस वर्षं टाइपिस्ट आहे. या लढाईत हे तिसरे पंतप्रधान. खुर्चीतला माणूस बदलतो, माझं स्टूल तेच. लढाईत गेलेल्या जवानाच्या घरी बातमी आमच्या पत्रानंच कळते, आणि त्याच्यावर सही लागते ती जवान गेला त्या वेळी जे पंतप्रधान असतील त्यांची. नियमापुढे शहाणपण चालत नाही.

मंगळवारी दुपारी बारा वाजता जुन्यांनी राजीनामा दिला, चार वाजता नव्यांनी शपथ घेतली. त्याच मंगळवारी माझा भाचा गेला. आघाडीवरून आलेल्या कागदावर वार होता, वेळ नव्हती.

कागद माझ्याच टेबलावर आला. तीनदा वाचला आणि, सांगायला लाज वाटते, पहिला प्रश्न पडला तो सहीचा. मोठ्या साहेबांना विचारलं.

"दोन्ही करून ठेवा," ते म्हणाले. "वेळ कळली की एक फाडू."

जुन्यांच्या सह्या केलेले कोरे कागद कपाटात होतेच. त्यावर मी 'सकाळी' लिहिलं, नव्यांच्या पत्रात 'संध्याकाळी'. वेळ काही कळली नाही आणि खुर्चीबदलाच्या गडबडीत दोन्ही पाकिटं टपालात गेली. बहिणीकडे जावं की पत्र पोचू द्यावं, मला काही सुचेना. रोज निघायचो आणि कोपऱ्यावरून परत फिरायचो.

शनिवारी तिनंच बोलावलं. टेबलावर दोन्ही पत्रं शेजारी शेजारी मांडलेली.

"दादा, तू आतला माणूस, तूच बघ. एक म्हणतो सकाळी गेला, दुसरा म्हणतो संध्याकाळी. माणूस दोनदा मरतो का?" ती चक्क हसत होती. "यांचा कशाला कशाचा मेळ नाही. कुणा भलत्याचाच कागद आमच्या माथी मारलाय. तू नुसतं हो म्हण."

तिचं म्हणणं खोडायला जागा नव्हती. क्षणभर मलाही वाटून गेलं, खरंच तसं असेल तर?

"दोन्ही मीच टाइप केलीत," मी म्हणालो. "चूक वेळेची आहे. पोर आपलंच आहे."

तिनं दोन्ही पत्रं एकावर एक ठेवली. मग हळूच म्हणाली, "कधी टाइप केलीस?"

"बुधवारी."

"गुरुवारी मी तुला फोन केला होता. त्याच्या मापाचे बूट कुठे मिळतील म्हणून." तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "तू दुकानाचा पत्ता दिलास."