शेवंतीचा डावा डोळा

आधीच सांगून टाकतो. मी माझ्या वहिनीवर जळत होतो. तेही एका घोडीवरून.

घोडी आमचीच. शेवंती. पांढरीशुभ्र, लग्नात नवरदेवाला बसवतात ना, तसली. मखमलाबाद रोडला आमचं घर, घराला लागूनच पत्र्याचा तबेला, आणि वराती हाच आमचा धंदा. धंदा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडलांचा. मोठा भाऊ शेखर सातपूरला कंपनीत लागला. त्याला तर घोड्याच्या वासानं शिंका येतात. स्वतःच्या वरातीत शेवंतीवर बसून द्वारका चौकापर्यंत शिंकत गेला होता तो.

म्हणून शेवंती माझी. शिंगरू होती तेव्हापासून. तिला नाचायला मी शिकवलं. ढोलाच्या कुठल्या ठोक्याला कुठला पाय उचलायचा, सगळं मी. दुसऱ्या कुणी लगाम धरला की ती मान वळवून मला शोधायची. ते बघायला एवढं आवडायचं की मी मुद्दाम दुसऱ्याच्या हातात लगाम द्यायचो आणि गर्दीत लपायचो.

आणि मग ती वरात.

नवरदेवाच्या मित्रांनी चमकी उडवायची नळकांडी आणली होती. एकानं अगदी तिच्या तोंडाजवळ उडवलं. शेवंती मागच्या दोन पायांवर उभी! नवरदेव माझ्या अंगावर, फेटा एकीकडं, मुंडावळ्या भलतीकडं. ती खाली आली तेव्हा डावा डोळा घट्ट मिटलेला आणि त्यातून नुसतं पाणी.

सकाळी डॉक्टर आल्या. संजना मॅडम. त्यांनी डोळ्याला रंगाची पट्टी लावली, निळा उजेड मारला. बुबुळावर हिरवी रेघ चमकली.

"हा ओरखडा. खोल आहे. वेळच्या वेळी औषध गेलं तर भरेल. हयगय केली तर डोळा काढायची वेळ येईल."

अण्णा बोलले, "मॅडम, काण्या घोडीवर कोण नवरदेव बसवील? लोक लय अपशकुन मानतात."

"ते मला नका सांगू. औषध टाका."

मॅडम गेल्यावर अण्णा माझ्याकडं न बघता बोलले, "डोळा गेला तर सारंगखेड्याच्या घोडेबाजारात विकायला उभी करावी लागंल तिला. आधीच सांगून ठेवतो."

बाजारात. शेवंतीला.

औषधं तीन. एक जखमेचं. एक डोळ्याची बाहुली मोठी ठेवायचं, त्यामुळं तिला उजेड सोसणार नव्हता, म्हणून तबेल्याला गोणपाट बांधले. आणि तिसरं तिच्याच रक्ताचं. मॅडमनी तिच्या मानेतून रक्त काढून नेलं होतं, त्याच्या वरचं पिवळं पाणी संध्याकाळी बाटलीत भरून दिलं. फ्रीजमध्ये ठेवा म्हणाल्या.

आमच्याकडं फ्रीजवर राज्य वहिनीचं. उज्वला वहिनी. घोटीची. माहेरी भात आणि म्हशी. लग्नाला वर्ष पण झालं नव्हतं. घोडा पहिल्यांदा जवळून बघितला तो आमच्याकडंच.

"भाऊजी, हे घोडीचं रक्त माझ्या कोथिंबिरीशेजारी ठेवायचं?"

"रक्त नाही वहिनी. रक्तातलं पाणी आहे."

"मग आमरसापासून लांब ठेवा. तुमचे भाऊ न बघता पोळीबरोबर खातील."

पहिल्यांदा औषध टाकायला अर्थातच मी गेलो. डावीकडून. घोडीला डावीकडूनच जायचं असतं, हे आमच्यात लहान पोराला पण माहीत असतं. खोगीर डावीकडून, लगाम डावीकडून, नवरदेव पण डावीकडूनच चढवायचा. मी नेहमीसारखा जिभेनं टक टक आवाज केला, गेलो आणि हात वर केला.

शेवंतीनं मान अशी झटकली की माझं मनगट पिरगळलं. परत गेलो. तिनं दात दाखवले. मला! मग अण्णा आले, शेजारचा भिकन आला. तिघांनी धरलं, हलू नये म्हणून ओठाला दोरीचा पिळा दिला. अर्धं औषध माझ्या शर्टावर.

"दुखतंय तिला," मी बोललो. स्वतःची समजूत, दुसरं काय.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं. ते दार तबेल्यातच उघडतं, शेवंतीच्या उजव्या अंगाला. वहिनी फ्रीजमधली बाटली घेऊन आली.

"हे राहिलं ना? धरा."

शेवंतीनं मान तिच्याकडं वळवली. कान पुढं.

"काय गं बाई? काय केलं तुला ह्या लोकांनी?" वहिनीनं तिच्या मानेवर हात ठेवला. हात तसाच ठेवून मानेखालून वाकली, या बाजूला आली, अंगठ्यानं पापणी उचलली आणि थेंब टाकला. एखाद्या पोराचं नाक पुसावं तसं. शेवंती हलली पण नाही.

"झालं की. एवढं काय त्यात?"

अण्णा खूश. "सुन्या, शिक काही. घोटीच्या पोरीकडून शिक."

भिकन तर दात काढतच होता. "काय रे, घोडी वहिनीच्या माहेरनं आली का?"

मी दोरी गुंडाळत बसलो.

त्या दिवसापासून औषध वहिनीचं. दिवसातून कितीतरी वेळा. मागच्या दाराची कडी वाजली की शेवंतीचे कान उभे. मी गेटातून आलो की कान मागं. मी पाळत ठेवायला लागलो. वाटलं, वहिनी गूळ खाऊ घालते. एकदा तर सरळ विचारलं.

"वहिनी, हात दाखवा."

"का? भविष्य बघता का?"

हाताला कणीक होती. गूळ नव्हता.

मग वाटलं, माझ्यातच काहीतरी आहे. दाढी वाढलीय म्हणून असेल. दाढी केली. त्या वरातीतल्या शर्टाचा वास येत असेल. चांगला शर्ट होता, जाळला. काही फरक नाही. शेवटी नियम काढला.

"वहिनी, घोडीला उजवीकडून जात नाहीत. डावीकडून जायचं. लाथ बसेल एखाद दिवस."

"मी स्वयंपाकघरातून येते भाऊजी. तुमच्या नियमासाठी घराला प्रदक्षिणा घालू का?"

आणि आत मान खाजवून घेत शेवंती उभी. ज्या जागी मी खाजवायचो त्याच जागी. ती जागा मी कुणाला सांगितली नव्हती.

एका दुपारी माझं डोकं सटकलं. वहिनी पोळ्या करत होती. मी गुपचूप बाटली उचलली, तबेल्यात गेलो आणि मागच्या दाराला बाहेरून कडी घातली. शेवंतीला आखूड बांधलं. म्हटलं, आज मीच टाकणार. ती माझी आहे.

डावीकडून गेलो. तिला माझा हात लागला मात्र, ती सगळ्या अंगानं उसळली. डोकं लोखंडी खांबावर आपटलं. त्याच डोळ्याची बाजू. आवाज अजून माझ्या कानात आहे.

आतून वहिनी दार बडवत होती. "भाऊजी! कडी काढा! अहो कडी काढा आधी!"

मॅडमना बोलावलं. परत पट्टी, परत निळा उजेड. बारीक होत आलेली रेघ एका टोकाला परत रुंद झाली होती.

"हे कसं झालं?" मॅडम.

वहिनी बोलली, "आपटलं तिनं डोकं." बस्स. कडीचं काही नाही, माझं काही नाही. तिनं मला वाचवलं आणि मला त्याचा पण राग आला. इथं पण हीच चांगली!

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही औषध कसं टाकता ते दाखवा. नुसते जवळ जा."

मी डावीकडून दोन पावलं टाकली. शेवंती ताठली.

"थांबा. त्या डोळ्यानं तिला दिसत नाहीये. तुम्ही जाता तेव्हा तिला वाटतं, अंधारातून कुणीतरी दुखऱ्या डोळ्यावर चालून येतंय."

"घोडीला डावीकडूनच जातात मॅडम."

"दोन्ही डोळे चांगले असतील तर जा ना. ह्या ताई उजवीकडून येतात, तिला दिसतात. अंगावर हात ठेवून मग वळतात. तोवर तिला कळलेलं असतं कोण आहे ते."

अण्णा खाली बघायला लागले. भिकन पण. जन्म गेला सगळ्यांचा घोड्यात, आणि तिघंच्या तिघं आंधळ्या बाजूनं जात होतो, कारण तीच बरोबर बाजू.

आता मला बरं वाटायला हवं होतं ना? वहिनीकडं जादू नव्हती. नुसतं दार होतं. बांधणाऱ्यानं स्वयंपाकघराचं दार त्या अंगाला काढलं, एवढंच तिचं पुण्य. पण मी जास्तच जळालो. जादूपुढं हरलो असतो तर चाललं असतं. मी दारापुढं हरलो होतो.

तिथंच उजवीकडून जाऊन बघितलं. शेवंतीनं माझा वास घेतला आणि कातडी थरथरली.

"तुम्हाला घाबरलीय ती," मॅडम म्हणाल्या. "थोडे दिवस लांब राहा. ह्यांनाच करू द्या. आता आणखी एक धक्का नको त्या डोळ्याला."

राहिलो लांब. गोणपाटाच्या पलीकडं बादली पालथी घालून बसायचो. आतून वहिनीचं बोलणं ऐकू यायचं. शेखर किती घोरतो, सासऱ्यांना डाळ कशी पातळ लागते, घोटीच्या बाजारात कुणी तिला काय म्हटलं. सगळं शेवंतीला सांगायची. मधेच शेवंती फुर्र करायची आणि वहिनी हसायची. मी इतकी वर्षं तिला फक्त "चल" आणि थांबवायला "हो" एवढंच बोललो होतो.

रेघ परत बारीक झाली. मॅडम म्हणाल्या, भरत आलंय, पण आता एकही वेळ चुकवू नका.

आणि नेमका तेव्हाच वहिनीच्या भावाचा साखरपुडा निघाला.

"मी नाही जात," वहिनी बोलली. "लग्नाला जाईन."

"असं कसं? सख्खा भाऊ हाय," अण्णा म्हणाले. "पण औषध..."

सगळे माझ्याकडं न बघण्याचा प्रयत्न करत होते.

"जा वहिनी," मी बोललो. "मी टाकतो."

वहिनी म्हणाली, "मागच्या दारानं जा. आणि अडलं तर फोन करा. मांडवात असले तरी उचलीन."

शेखर आणि ती सकाळी गेले. दुपारी मी फ्रीजमधली बाटली आणि बाकीची दोन औषधं घेतली, मागच्या दाराची कडी काढली. शेवंतीचे कान पुढं आले. मग तिला मी दिसलो. कान मागं.

तिथंच थांबलो. हात वर करायची हिंमत होईना. ओरखडा भरत आला होता, आणि मी परत तिथंच, तोच हात घेऊन. फोन लावला.

पलीकडं सनई, भांडी, पोरांचा दंगा. "हॅलो भाऊजी? टाकलं?"

"उभी नाही राहत."

"स्पीकरवर टाका."

टाकला. "काय गं शेवंते? मी नाही तर नखरे का? ऐक, आमची नवरी काय साडी नेसलीय माहितीय..."

शेवंतीचे कान हलले. एक फोनकडं, एक माझ्याकडं. मी फोन शर्टाच्या खिशात ठेवला आणि उजवीकडून मानेवर हात ठेवला. ती ताठली, पण सरकली नाही. हात न उचलता मानेखालून वाकलो, डाव्या बाजूला आलो. अंगठ्यानं पापणी. थेंब. गेला आत.

एक झालं. दोन औषधं बाकी.

तेव्हा मनात आलं, फोन बंद करून बघू. आता ती उभी आहे. माझ्यासाठी उभी राहते का बघू. एकदाच. बोट खिशापर्यंत गेलं पण.

डोळ्याकडं बघितलं. अर्धा उघडा होता, बाहुली एवढी मोठी, कडेला ती पांढुरकी रेघ.

बोट मागं घेतलं.

वहिनीची बडबड चालूच होती. वांग्याची भाजी खारट झालीय, व्याह्यांनी तोंडं वाकडी केलीत, आत्या रुसून कोपऱ्यात बसलीय. सगळं शेवंतीला. मला एक शब्द नाही. मी दुसरं टाकलं. तिसरं टाकलं. शेवंती मान खाली घालून माझ्या खिशाजवळ तोंड आणून ऐकत उभी. मी तिथं असलो काय, खुंटी असली काय.

"भाऊजी? आहात का?"

"आहे."

"झालं का?"

"कधीच झालं."

"मग गप्प का? तुम्ही पण बोला की तिच्याशी काहीतरी."

शेवंतीनं खिशाला नाक घासलं.

"तुमचं संपू द्या आधी," मी बोललो. "आत्याचं काय झालं विचारतेय ती."