राइट म्हणजे बरोबर

जेद्दाच्या बंदरावर नौशाद अठरा वर्षं क्रेन चालवत होता. सौदीकरणाचा हुकूम आला आणि त्याच्या खुर्चीत सादला बसवायचं ठरलं. साद तिशीतला सौदी, दोन पोरांचा बाप. त्याला तयार करायचं नौशादनेच. तो परीक्षा पास झाला की नौशादने दापोलीची वाट धरायची.

त्या दुपारी धुरळा असा उठला की हाताच्या खुणा दिसेनात. साद वर केबिनमध्ये, नौशाद खालून वॉकीटॉकीवर सांगत होता. लोखंडी पाइपांचा जुडगा हवेत लटकत होता. डावीकडे ट्रक उभा. उजवीकडे साखळ्या आवरत होता बाळाराम, नौशादचा खोलीतला सोबती.

"लेफ्ट," नौशाद म्हणाला.

"लेफ्ट?" खरखरीतून सादने खात्री करून घेतली.

"राइट!"

बरोबर, एवढंच नौशादला म्हणायचं होतं. क्रेनचा दांडा उजवीकडे वळला.

"स्टॉप! स्टॉप! बाळाराम, पळ!"

बाळारामने अंग झोकून दिलं. तो उभा होता तिथूनच पाइप सरसरत गेले नि हिसका खाऊन थांबले. त्याचं मनगट मोडलं, जीव वाचला.

तासाभरात नौशाद आणि साद सेफ्टी ऑफिसरसमोर उभे होते. "साद चुकीच्या बाजूला वळला. खरं ना?" ऑफिसरने विचारलं. साद पांढराफटक पडला होता. नौशादच्या मनात आलं, नुसतं हो म्हटलं की साद नापास, आणि आपल्याला आणखी एक वर्ष. लेकीचं, तस्नीमचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष तेवढ्यात निघेल.

ऑफिसरने कागद पुढे सरकवला. "राइट."

नौशाद दचकला. मग उमगलं, लिही म्हणतोय.

त्याने पेन उचललं. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने लिहिलं: सादने ऐकलं तेच केलं. शब्द माझा चुकला.

ऑफिसरने वाचून चष्मा काढला. "मग ठपका तुझ्यावर बसेल. अपील करायचा राइट आहे तुला."

"नको, साहेब."

बाहेर आल्यावर साद म्हणाला, "तू माझ्यावर ढकललं असतंस, तरी मी गप्प राहिलो असतो."

"ठाऊक आहे," नौशाद म्हणाला, आणि बाळारामला बघायला दवाखान्याकडे निघाला.

साद दीड महिन्यात पास झाला. नौशादच्या पासपोर्टवर एक्झिटचा शिक्का बसला, तेव्हा त्याने बायकोला, हफीजाला फोन लावला.

"पंधरा तारखेला येतोय."

"सुट्टी किती?"

"सुट्टी नाही. कायमचा."

तिने विचारलं, "विमान किती वाजता उतरतं?"