बाहेरून बसलेली टॅम्सिन

आमच्या शाळेत नापास कुणी होत नाही, कारण जो होईल असं वाटतं त्याला परीक्षेआधीच बाजूला काढतात. मी एकोणीस वर्षं इथं रसायनशास्त्र शिकवतेय, मला विचारा.

टॅम्सिन ट्रेव्हेना शेवटच्या वर्षाला होती. हिवाळ्याच्या तोंडाशी आजारी पडली, सात आठवडे घरी राहिली आणि जानेवारीच्या सराव परीक्षेत माझ्या विषयात तिला 'डी' मिळाला. फार्मसीला जायचं तर 'ए' हवा होता. सिक्स्थ फॉर्मचे, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांचे, प्रमुख मिस्टर प्रॉथेरो यांनी आम्हा दोघींना बोलावून घेतलं आणि बिस्किटं पुढे केली.

"टॅम्सिन, हा विषय तू बाहेरून दे. गावातल्या सरकारी कॉलेजात बस. उगाच तुझ्यावर दडपण नको."

"दडपण तिच्यावर, की आपल्या टक्केवारीवर?" मी विचारलं.

"मिसेस ऑकली, पेपरात निकालानुसार शाळांची यादी छापून येते. ती वाचूनच पालक इकडे येतात."

हे तोंडावर बोलायचीही लाज नाही. टॅम्सिन मात्र "थँक यू, सर" म्हणाली. या मुलांना आम्ही सभ्यपणा असा घोटून शिकवतो की गळा दाबला तरी आभार मानतील. माझा नुसता संताप झाला, पण मला काही थांबवता आलं नाही. मग रोज जेवणाच्या सुट्टीत मी तिला शिकवायला लागले. सँडविच खात खात ती समीकरणं सोडवायची.

जूनमध्ये बसने कॉलेजात जाऊन, अनोळखी मुलांत बसून तिने तिन्ही पेपर दिले.

ऑगस्टमध्ये निकाल लागला. कॉलेजातून पाकीट घेऊन ती थेट माझ्याकडे आली. 'ए' होता. बाहेर हिरवळीवर दरवर्षीचा तमाशा चालू होता, म्हणजे स्थानिक पेपरचा फोटोग्राफर आणि निकालाचे कागद उंचावून उड्या मारणाऱ्या मुली. आम्ही दोघी बाहेर आलो, तोवर प्रॉथेरोंना बातमी लागलीच होती.

"टॅम्सिन, ये, मधोमध उभी राहा. आपल्या शाळेची शान आहेस तू."

मैत्रिणी तिला "ये ना गं" म्हणून ओढत होत्या. फोटोग्राफरने वही काढली. "नाव काय? शाळा?"

"टॅम्सिन ट्रेव्हेना. रसायनशास्त्राला सरकारी कॉलेज लिहा," ती शांतपणे म्हणाली. "इथं मला बसू दिलं नाही."

"गंमत करतेय ती," प्रॉथेरो हसले.

फोटोग्राफरने माझ्याकडे पाहिलं.

"गंमत नाही," मी म्हटलं. "मी तिची शिक्षिका. माझंही नाव लिहून घ्या."